स्किनर की टॅमझेरियन? ‘सिम्पसन्स’चा तो भाग हिशोबात धरायचा का?

आडवाट (धागाकर्ता)

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेच्या नवव्या सीझनमधला दुसरा भाग, ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’. अमेरिकेत २८ सप्टेंबर १९९७ ला दाखवला गेला. आपल्याकडे स्टार वर्ल्डवर बघितलेल्यांना अंधूक आठवत असेल. या भागाचं नाव काढलं की चाहते अजूनही तावातावाने भांडतात. मला ते भांडण नीट, मुद्देसूद करायचंय, म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी गोष्ट. स्प्रिंगफील्डच्या शाळेचे मुख्याध्यापक सीमोर स्किनर. नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून सत्कार चाललाय. तेवढ्यात एक माणूस दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, सार्जंट सीमोर स्किनर मी आहे. आपले स्किनर तिथल्या तिथे कबूल करतात की होय, मी तोतया. खरं नाव आर्मिन टॅमझेरियन, कॅपिटल सिटीतलं उनाड, अनाथ पोरगं. न्यायाधीशांनी त्याला तीन वाटा दिलेल्या असतात: तुरुंग, सैन्य, नाहीतर न्यायाधीशांची आणि एका म्हातारीची माफी. पठ्ठ्या माफी न मागता सैन्यात जातो. तिकडे युद्ध चाललंय हे माहीत असतं तर माफी मागितली असती, असं तो स्वतःच सांगतो. व्हिएतनाममध्ये सार्जंट स्किनर त्याला माणसात आणतो. पुढे सार्जंट मेला असं समजून ही बातमी द्यायला आर्मिन त्याच्या आईकडे येतो. अ‍ॅग्नेस त्यालाच मुलगा समजते, आणि त्याच्याच्याने खरं बोलवत नाही. तिथून पुढे तोच सीमोर.

शेवट तर त्याहून भारी. खरा सार्जंट गावाला रुचत नाही. त्याला खुर्चीला बांधून रेल्वेवर चढवून देतात, आणि न्यायाधीश स्नायडर निकाल देतात की सीमोर स्किनर हे नाव, त्याचा भूतकाळ, वर्तमान, भविष्य आणि आई असं सगळं आर्मिनला बहाल. सगळं पूर्वीसारखंच राहील, आणि या विषयावर कुणी चकार शब्द काढला तर त्याचे हाल केले जातील.

माझं मत आधीच सांगतो: हा उत्तम भाग आहे आणि तो हिशोबात धरायलाच हवा, म्हणजे त्यातलं सगळं मालिकेच्या कथेत खरंच घडलं असं मानायलाच हवं. तुम्ही धरता का? आणि धरत असाल तर स्किनरच्या आधीच्या-नंतरच्या तपशिलांचा मेळ कसा लावता?

शेवभाजी

नाही धरत. हाल करा माझे.

फ्रेम_बाय_फ्रेम

वाद सुरू होण्याआधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो प्रत्येक चर्चेत येतो. ‘नववा सीझन, नवे निर्माते, तिथून घसरण’ असं या भागाकडे बोट दाखवून म्हटलं जातं. नवव्या सीझनचा मुख्य निर्माता माइक स्कली हे खरं. पण या भागाचा निर्मिती क्रमांक आहे ४एफ२३. ‘४एफ’ ही आठव्या सीझनची मालिका, नवव्याची ‘५एफ’. म्हणजे हा भाग बनला आधीचे मुख्य निर्माते बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन यांच्या हाताखाली, आठव्या सीझनबरोबर, आणि दाखवला गेला पुढच्या वर्षी. त्याच्या आदल्या आठवड्यातला, सिम्पसन कुटुंबातला बाप होमर न्यू यॉर्कला गाडी आणायला जातो तो भागही तसाच, ४एफ२२. (तो वेगळ्याच कारणाने अडचणीत आला. त्यात वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे, त्यामुळे २००१ नंतर बऱ्याच वाहिन्यांनी तो बाजूला ठेवला.)

लेखक केन कीलर, दिग्दर्शक स्टीव्हन डीन मूर, आणि खऱ्या सार्जंटचा आवाज मार्टिन शीन. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकासाठी ‘अपोकॅलिप्स नाऊ’चा नायक आणणं ही निवडच किती विचारपूर्वक आहे बघा.

गोदाकाठची_प्राजू

निर्मिती क्रमांक काहीही असो, मला हा भाग बघून राग येतो आणि तो रास्त आहे असं मला वाटतं.

स्किनर हे मालिकेतलं सगळ्यात नीट घडवलेलं दुय्यम पात्र. आईच्या धाकातला, शिस्तीचा भोक्ता, आत कुठेतरी युद्धाने मोडलेला माणूस. दुसऱ्या सीझनमध्ये तो होमरची बायको मार्जच्या बहिणीच्या, पॅटीच्या प्रेमात पडतो तेव्हापासून आपण त्याला ओळखतो. पाचव्या सीझनमध्ये नोकरी जाते आणि होमरच्या मुलाशी, बार्टशी त्याची मैत्री होते, तो तर मालिकेचा शंभरावा भाग. आठव्यात शाळेतल्या शिक्षिका एडनाबरोबर जमतं. हे सगळं उभारून झाल्यावर एका रविवारी सांगायचं की हा माणूस तो नव्हताच? आईशी असलेलं ते नातं, ज्यावर सगळं पात्र उभं आहे, ते एका क्षणात पोकळ करून टाकलं.

आणि हे मी एकटी म्हणत नाही. स्किनरला आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीच २००१ च्या एका मुलाखतीत या भागावर कडक टीका केली होती. प्रेक्षकांनी आठ-नऊ वर्षं एका पात्रात जीव गुंतवला आणि तुम्ही ते विनाकारण कचऱ्यात टाकलंत, हा प्रेक्षकांचा अनादर आहे, असा त्यांचा सूर होता. ज्याच्या गळ्यातून ते पात्र बाहेर पडतं त्याला एवढं लागलं असेल तर आपण कोण?

शेवभाजी

प्राजूताई +१००

आडवाट

प्राजू, राग समजतो. पण ‘आईशी असलेलं नातं पोकळ झालं’ हे मला पटत नाही. मला तर ते तिथे पहिल्यांदा भरीव झालेलं दिसतं.

अ‍ॅग्नेसचा पोटचा पोर परत येतो. धडधाकट, स्वाभिमानी, युद्धातून आणि कैदेतून तावूनसुलाखून निघालेला. आईला काय हवं? पण तो तिचं ऐकत नाही, स्वतःच्या मनाने वागतो. दोन दिवसांत बाईला चुकचुकल्यासारखं होतं, आणि ती होमर, मार्ज, एडनाबरोबर गाडीत बसून कॅपिटल सिटीला जाते, त्या दुसऱ्याला परत आणायला. त्याच्यावर खेकसते, ‘चल, बस गाडीत’, आणि तो निमूट बसतो. तो प्रसंग पुन्हा बघा. तिथे दोघांनाही पक्कं माहीत आहे की आपलं रक्ताचं नातं नाही. आणि दोघंही ते नातं पत्करतात. आधी तो केवळ धाकात होता. आता त्याने तो धाक स्वतःहून मागून घेतलाय. हसू येतं आणि गलबलूनही येतं.

बे_एरियातला_बंड्या

आडवाटशी सहमत, आणि लेखकाचंही म्हणणं जवळपास हेच आहे. डीव्हीडीवरच्या समालोचनात कीलर सांगतो की हा भाग ज्यांना सगळं जसंच्या तसं हवं असतं अशा लोकांविषयी आहे. गाव खऱ्या माणसाला हाकलतं कारण त्यांना सवयीचा माणूस हवाय. आणि प्रेक्षक चिडले कारण त्यांनाही सवयीचाच माणूस हवा होता! म्हणजे भागात जे दाखवलंय तेच भागाच्या बाबतीत घडलं. आपण टीव्हीसाठी लिहिलेल्या उत्तम कामांपैकी हे एक, असं तो अभिमानाने सांगतो.

गोदाकाठची_प्राजू

बंड्या, हेच तर मला खटकतं. प्रेक्षक चिडला की ‘बघा, तुम्ही पण त्या गावकऱ्यांसारखेच’ असं म्हणायचं. मग तक्रार करायची सोयच उरली नाही. ज्या गोष्टीवरचा प्रत्येक आक्षेप हा तिच्याच यशाचा पुरावा ठरतो, ती गोष्ट मला लबाड वाटते.

फ्रेम_बाय_फ्रेम

हा मुद्दा चांगला आहे. तो तसाच राहू दे, मी आकडे घेऊन येतो. कारण ‘मेळ कसा लावता’ हा धाग्याचा अर्धा प्रश्न अजून कुणी हातात घेतलेला नाही.

नोंदी अशा:

एप्रिल १९९७, ‘ग्रेड स्कूल कॉन्फिडेन्शियल’. स्किनर आणि एडनाचं प्रकरण गावात बोंबलल्यावर स्किनर सांगून टाकतो की तो अजून ब्रह्मचारी आहे. त्यावर त्याचा वरिष्ठ अधिकारी चाल्मर्स म्हणतो की चव्वेचाळीसाव्या वर्षी असं खोटं कोण कशाला सांगेल? म्हणजे वय ४४, म्हणजे जन्म साधारण १९५२-५३ चा.

फेब्रुवारी २०१०, ‘बॉय मीट्स कर्ल’. अ‍ॅग्नेस सांगते की १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ती पोल व्हॉल्टला उतरली होती, सीमोर पोटात होता, त्याने लाथ मारली आणि तिचं पदक गेलं. हेलसिंकीचं ऑलिंपिक जुलै-ऑगस्टमधलं. लाथ मारण्याइतकं मूल म्हणजे किमान चार-पाच महिने झालेले. जन्म १९५२ च्या अखेरीस. एप्रिल १९९७ मध्ये वय बरोब्बर ४४! तेरा वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या लेखकमंडळींनी लिहिलेल्या गोष्टी इतक्या चपखल बसाव्यात याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता माशी कुठे शिंकते बघा. फेब्रुवारी १९९३, ‘आय लव्ह लिसा’. व्हॅलेंटाइनच्या दिवशी स्किनरला व्हिएतनाममधलं डा नांग, १९६९ आठवतं, मित्र डोळ्यांदेखत कोसळलेला. १९५२ च्या अखेरीस जन्मलेला माणूस १९६९ च्या फेब्रुवारीत सोळा वर्षांचा. अमेरिकी सैन्यात आईवडिलांच्या संमतीनेही सतराच्या आत घेत नाहीत. मग सोळाव्या वर्षी सार्जंट कसा?

अदिती_एम

जाता जाता, ऑलिंपिकमध्ये बायकांचा पोल व्हॉल्टच मुळी २००० मध्ये सिडनीला सुरू झाला. त्यामुळे हेलसिंकीचं अख्खं प्रकरणच अ‍ॅग्नेसबाईंच्या मनातलं आहे असं म्हणायला वाव आहे. :)

शेवभाजी

हसून हसून पुरेवाट! मुलाला आयुष्यभर टोमणे मारता यावेत म्हणून आईने एक अख्खी क्रीडास्पर्धा रचली. असल्या आया आमच्या आळीत पण आहेत.

आडवाट

फ्रेमबुवा, तुमच्या सोळा वर्षांच्या कोड्याला या भागातूनच उत्तर मिळतं की! सोळाव्या वर्षी सार्जंट होता येत नाही, मान्य. पण सोळाव्या वर्षी अनाथ, उनाड, कागदपत्रं नसलेलं पोरगं वय वाढवून सैन्यात ढकललं जाऊ शकतं. ४४ हे वय आर्मिनचं. चाल्मर्सच्या कागदावर काय आहे ते सोडा, डा नांगमध्ये घाबरून उभा असलेला पोरगा आर्मिनच शोभतो. म्हणजे १९९३ आणि १९९७ चा मेळ या ‘बदनाम’ भागामुळे लागतो, बिघडत नाही.

फ्रेम_बाय_फ्रेम

मग हेलसिंकीत पोटात कोण होतं? आर्मिन नक्कीच नाही. आणि सार्जंट असेल तर तोही १९६९ मध्ये सोळाचाच. एक सांधलं की दुसरं उसवतं.

आणि तुमच्या बाजूचं सगळ्यात अवघड जागेचं दुखणं मी अजून काढलंच नव्हतं. जानेवारी १९९६, ‘टीम होमर’. स्किनर सांगतो की तो तीन वर्षं युद्धकैद्यांच्या छावणीत होता. मासे, भाज्या, कोलंबी, नारळाचं दूध आणि चार प्रकारचे तांदूळ घालून केलेल्या पातळ रश्श्यावर दिवस काढले. पुढे अमेरिकेत ती चव शोधून शोधून वेड लागायची पाळी आली, मसाल्यांचं प्रमाण काही जमेना. आणि १९९७ मध्ये कैदेत कोण होतं? सार्जंट! आर्मिन त्याचं आयुष्य जगत होता म्हणून त्याच्या आठवणीही सांगत होता असं म्हणावं, तर आर्मिनला सार्जंट कैदेत गेलाय हे ठाऊकच नव्हतं. तो तर त्याला मेलेला समजत होता. मग कैदेची गोष्ट आली कुठून?

कोकणी_कोयता

मासे, कोलंबी, नारळाचं दूध, भात. याला छळछावणी म्हणतात? आमच्याकडे याला रविवार म्हणतात.

अदिती_एम

कोयतादादा, पातळ रस्सा म्हटलंय हो. तुमच्या घरी सोलकढी वेगळी आणि कालवण वेगळं.

कोकणी_कोयता

नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि घातलं की उकळी फुटू द्यायची नाही, आच मंद ठेवून पळी फिरवत राहायचं. उकळलं की फुटतं, रस्सा पाणचट होतो आणि वर तुकडे तरंगतात. स्किनरला अमेरिकेत चव सापडत नव्हती ती मसाल्यामुळे नाही, या एका गोष्टीमुळे असणार. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आडवाट

हा धाग्यातला सगळ्यात उपयुक्त प्रतिसाद आहे. पण कैदेकडे परत येऊ. आर्मिन स्वतः कैदेत नव्हता असं भागात कुठे म्हटलंय? सार्जंट बेपत्ता झाला, त्यानंतर युद्ध चालूच होतं. आर्मिन नंतर पकडला गेला, तीन वर्षं कैदेत काढली, सुटल्यावर अ‍ॅग्नेसकडे गेला. भागात हे दाखवलं नाही, पण नाकारलेलंही नाही. दोघंही कैदी असू शकतात.

गोदाकाठची_प्राजू

‘दाखवलं नाही पण नाकारलेलंही नाही’ या तत्त्वावर काहीही सिद्ध करता येईल. मी म्हणते, सार्जंटला जुळा भाऊ होता. नाकारलंय कुठे?

भाऊंचा_पाईक

मालिका मी फारशी बघितलेली नाही, पण धागा वाचून राहवेना. तुम्ही ज्या गोष्टीवर चर्चा करताय ती आपल्या पुण्यात घडून गेली आहे.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. सदाशिवरावभाऊ पडले, पण अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. अशा हवेत उत्तरेकडून एक माणूस आला आणि म्हणाला, मीच भाऊ. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण. चौकशी झाली, तोतया ठरला, रत्नागिरीला कैदेत पडला. १७७६ मध्ये तिथून सुटला तो थेट बंड करून उठला. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, माणसं जमली. हे सगळं पानिपतानंतर पंधरा वर्षांनी! शेवटी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं.

एवढी माणसं त्याच्यामागे का गेली? सगळी काही फसली नसणार. नारायणरावांच्या खुनानंतर सगळं विस्कटलेलं होतं, पेशवाईच्या गादीवर दोन वर्षांचं मूल. लोकांना भाऊ परत यायला हवे होते. आडवाट म्हणतात ती अ‍ॅग्नेस आणि हे लोक, मला एकाच जातकुळीचे वाटतात. फरक एवढाच की पुण्यात तोतयाला मारलं आणि तुमच्या गावात खऱ्याला हाकललं.

बे_एरियातला_बंड्या

काय सुंदर प्रतिसाद! आणि गंमत म्हणजे कीलरने हा भाग ज्या खऱ्या प्रकरणावरून सुचला म्हणून सांगितलंय ते याच्या अगदी जवळचं आहे. इंग्लंडमधलं टिचबोर्न प्रकरण. श्रीमंत घरातला रॉजर टिचबोर्न १८५४ मध्ये समुद्रात जहाजाबरोबर बुडाला. आईने मानलंच नाही. तिने ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, आणि वॉगा वॉगा नावाच्या गावातला एक खाटीक पुढे आला की मीच रॉजर. रॉजर सडपातळ, फ्रेंच बोलणारा. हा अवाढव्य, फ्रेंचचा गंध नाही. १८६७ मध्ये पॅरिसला भेट झाली आणि आईने त्याला मुलगा म्हणून जवळ केलं! पुढे ती वारली, वर्षानुवर्षं खटले चालले, १८७४ मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. तो आर्थर ऑर्टन होता असं न्यायालयाने ठरवलं. पण सामान्य लोक मोठ्या संख्येने त्याच्या बाजूने उभे होते.

तेव्हा प्राजू, ‘विनाकारण’ हा आरोप तरी मागे घ्यावास असं मला वाटतं. आईने तोतयाला जाणूनबुजून कवटाळलं तर काय, हा प्रश्न लेखकाला छळत होता.

अदिती_एम

याच माळेत भावालचा संन्यासी. ढाक्याजवळच्या जमीनदारीचा कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला ‘वारला’, १९२१ मध्ये संन्यासी होऊन परत आला, आणि १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या अखेरच्या अपील न्यायालयाने, निकाल त्याच्या बाजूने कायम केला. तिथे न्यायालयाच्या लेखी तरी परत आलेला माणूस खरा ठरला.

काळा_कोट

प्रिव्ही कौन्सिलचं नाव निघालं म्हणून मला तोंड उघडायला हरकत नाही. :)

तुम्ही सगळे वयं आणि कैदेची वर्षं जुळवत बसलात, पण न्यायाधीश स्नायडरचा निकाल कुणी नीट वाचलाच नाही. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये दिलाय: नाव, भूतकाळ, वर्तमान, भविष्य आणि आई. न्यायालय नाव बदलून देऊ शकतं. वारसाहक्क ठरवू शकतं. पण भूतकाळ? भूतकाळ बहाल करणारा आदेश माझ्या उभ्या वकिलीत माझ्या बघण्यात नाही.

जवळचं काही शोधायचं तर आपल्या दत्तक कायद्यात सापडतं. १९५६ च्या कायद्यानुसार दत्तक मूल हे दत्तकाच्या तारखेपासून त्या घरचं. मागचं मागे. पण त्याआधीच्या जुन्या हिंदू कायद्यात एक विलक्षण कल्पना होती. विधवेने नवऱ्याच्या पश्चात मुलगा दत्तक घेतला, भले कितीही वर्षांनी, तरी तो नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासून मुलगा होताच असं मानायचं. म्हणजे मधली वर्षं मागे जाऊन बदलायची. घराण्यात खंड पडलाच नाही असं कायदा म्हणणार. आपल्याकडे मुंबई प्रांतात तर दत्तक जाणाऱ्याला वयाची अट नव्हती, लग्न झालेला, पोरंबाळं असलेला माणूसही दत्तक जाई. या तत्त्वावर जमिनींचे केवढे खटले उभे राहिले असतील विचार करा, कारण मधल्या काळात कुणीतरी त्या जमिनी वारस म्हणून घेतलेल्या असायच्या.

स्नायडरने हेच केलंय. निकालानंतर सीमोर स्किनरचा सगळा भूतकाळ आर्मिनचा. डा नांग त्याचं. कैदेतला रस्सा त्याचा. निकाल १९९७ चा, लागू पहिल्या दिवसापासून. आणि म्हणूनच २०१० मध्ये अ‍ॅग्नेस याच माणसावर चिडते की तू पोटात असताना लाथ मारलीस. पोटात कोण होतं याने काय फरक पडतो? पोटातली लाथसुद्धा न्यायालयाने याच्या नावावर केली आहे.

फ्रेम_बाय_फ्रेम

वकीलसाहेब, साष्टांग. इतकी वर्षं हे प्रकरण चघळतोय, पण ‘भूतकाळ’ हा शब्द मी नुसता हशा मिळवण्यासाठी आहे असं धरून पुढे जात होतो. तरी सोळाव्या वर्षी सैन्यात कसा, हे उरतंच. पण ते आता सैन्याने बघावं, आपण नाही.

गोदाकाठची_प्राजू

काळा कोट, तुमचा युक्तिवाद मला आवडला, अगदी मनापासून. पण बघा, तुम्ही मेळ लावलात तो निकालाच्या जोरावर. लेखकाने भाग संपवताना स्वतःच पाटी पुसली. मग माझा प्रश्न तसाच राहतो: पुसायचीच होती तर लिहिली कशाला?

बे_एरियातला_बंड्या

पण पाटी पुसली गेलीच नाही! दोन पुरावे.

मे २००० मध्ये अकराव्या सीझनचा शेवटचा भाग, ‘बिहाइंड द लाफ्टर’. त्यात सिम्पसन्स हे खरे कलाकार आहेत असं धरून त्यांच्या उताराची कहाणी सांगितलीय. मालिका कशी भन्नाट क्लृप्त्या आणि निरर्थक कथानकांकडे वळली असं निवेदक सांगतो आणि त्याच वेळी याच भागाची चित्रफीत दाखवतात.

दुसरा माझा फार लाडका. जानेवारी २००४, पंधरावा सीझन. होमरची मुलगी लिसा हिची मांजर स्नोबॉल दुसरी मरते. मग तिसरी, मग कोल्ट्रेन नावाचा बोका, दोघंही जातात. शेवटी ती वेडी मांजरवाली बाई हुबेहूब पहिल्यासारखी काळी मांजर फेकते आणि ती टिकते. लिसा म्हणते, हिला स्नोबॉल दुसरीच म्हणू, नवं ताट घ्यायला नको, जणू काही झालंच नाही. तिथून स्किनर जात असतो, तो म्हणतो, ही फसवणूक नाही का? लिसा त्याला शांतपणे ‘प्रिन्सिपल टॅमझेरियन’ म्हणून हाक मारते. स्किनर निमूट काढता पाय घेतो, आणि जाता जाता मांजरीलाही स्नोबॉल दुसरी म्हणतो.

सहा वर्षांनी, एका हाकेत, त्यांनी तो भाग पुन्हा मालिकेत आणला. आणि तोही कुठे? मेलेल्या मांजराच्या जागी दुसरं मांजर आणून सगळं पूर्ववत करण्याच्या प्रसंगात.

शेवभाजी

म्हणजे लिसाचे हाल व्हायला हवे होते की कायद्याने.

काळा_कोट

आदेशाचा उघड भंग आहे. पण ती कायम आठ वर्षांची असल्यामुळे अज्ञान म्हणून सोडावं लागेल.

आडवाट

कीलरबद्दल एक गोष्ट इथे नोंदवतो. हा माणूस हार्वर्डचा गणितातला डॉक्टरेट आहे. पुढे ‘फ्युचुरामा’ या दुसऱ्या व्यंगचित्र मालिकेसाठी त्याने २०१० मध्ये ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’ लिहिला. त्यात माणसांची मनं एकमेकांच्या शरीरांत जातात, आणि यंत्राची अट अशी की त्याच दोन शरीरांत पुन्हा अदलाबदल होत नाही. मग सगळे आपापल्या शरीरात परतणार कसे? कीलरने यासाठी खरोखरचं प्रमेय मांडून सिद्ध केलं: कितीही गुंता असो, अदलाबदल न झालेली दोन नवी माणसं मिळाली की सगळे मूळ जागी येतात. सिद्धता पडद्यावर फळ्यावर लिहिलेली दिसते.

आता दोन्ही भाग शेजारी ठेवा. १९९७ मध्ये माणूस दुसऱ्याच्या जागी बसलाय आणि गाव म्हणतं, राहू दे तिथेच. २०१० मध्ये तोच लेखक प्रत्येकाला आपापल्या जागी पोचवण्याची हमी देणारं गणित लिहितो. प्राजू, ‘लिहिली कशाला’ याचं माझं उत्तर हे आहे. या माणसाला हा प्रश्न खरोखर पडलेला होता. त्याने तो सोडला नाही.

गोदाकाठची_प्राजू

हे वाचून भाग पुन्हा बघितला. सार्जंट मला या वेळी जास्त लागला. मायदेशी परतण्याआधीची वर्षं त्याने चीनमध्ये गुलामासारखे बूट शिवत काढलेली, घरी आल्यावर आई दुसऱ्याला शोधायला जाते, आणि गाव वाजतगाजत त्याला बांधून रवाना करतं. तो कुणाचंही काही वाईट करत नाही हो! शिअरर यांचा राग स्किनरसाठी होता, माझा आता सार्जंटसाठी आहे. भाग हिशोबात धरते, पण गावाला माफ करणार नाही.

आणि तुलनाच करायची तर २००८ चा ‘दॅट नाइन्टीज शो’ कितीतरी जास्त नुकसान करतो. होमर-मार्जची शाळा १९७४ ची, हे दुसऱ्या सीझनमध्ये इतकं सुंदर सांगितलं होतं. तेच जोडपं उचलून नव्वदच्या दशकात तरुण करून ठेवलं, आणि त्यासाठी कुठला न्यायाधीशही आणला नाही.

भाऊंचा_पाईक

मला आता ही मालिका बघायची आहे. सगळी नाही, एवढ्या चर्चेपुरती. कुठून सुरू करू?

फ्रेम_बाय_फ्रेम

आधी ‘आय लव्ह लिसा’, मग शंभरावा भाग, मग ‘टीम होमर’, मग ‘ग्रेड स्कूल कॉन्फिडेन्शियल’, आणि मग हा. स्नोबॉलचा भाग त्यानंतरच, नाहीतर ती हाक वाया जाईल.

गोदाकाठची_प्राजू

यादीत पॅटीचा ‘प्रिन्सिपल चार्मिंग’ पहिला घाला. त्याशिवाय स्किनर कळत नाही. आणि एडनाचे प्रसंग नीट बघा, तिला आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस २०१३ मध्ये गेल्या आणि मालिकेने ते पात्रच निवृत्त केलं. दुसरा आवाज आणला नाही. तिथे तोतया चालणार नाही, हे त्यांना बरोब्बर कळलं होतं.

कोकणी_कोयता

‘टीम होमर’ बघताना जेवायला बसू नका पाईकभाऊ, आधी रस्सा करून ठेवा. नारळाचं दूध दुसरं आधी, पहिलं शेवटी.